टिळा लावलेला सल्लागार

मी एक जुना मोबाईल आहे. काचेच्या कोपऱ्याला तडा, पाठीला रबरबँड. शेवगावच्या बाजारातून सूर्यभानआप्पांनी मला आणलं ते कीर्तन ऐकायला. कपाशीला पाणी देताना ते मला बांधावर ठेवत आणि मी जीव तोडून ऐकवत असे. "लई गोड आवाज हाय याचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मित्रांनो, तेवढ्यानेच माझी बॅटरी भरल्यासारखी वाटे!

एकदा कीर्तन संपलं आणि माझ्या पडद्यावर आपोआप एक गृहस्थ आले. कपाळी गंध, गळ्यात तुळशीमाळ. "रामकृष्णहरी माउली! मी सांगतो तिथं पैसे गुंतवा. सहा महिन्यांत दुप्पट, माझी हमी!" आप्पांनी माझ्यापुढे हात जोडले. लेक सत्यशीला हिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे ते पाठवायला निघाले.

त्यांच्या पत्नी लंकाबाई भाकरी थापत होत्या. "सप्त्याला बुवा आनायचा तर गुरू कोन, शिकले कुठं, आदल्या गावाला फोन! चौकशी करून मानसाला नको नको करून सोडता. आन् लेकीच्या पैशाला नुसती माळ पुरली व्हय?"

आप्पा वरमले. त्यांनी पडद्यावर दिलेल्या नंबरावर त्या गृहस्थांना फोन लावला. "महाराज, हे तुमी शिकला कुनाकडं?"

"माउली, माझा गुरू साक्षात पांडुरंग!"

"पांडुरंग समद्यांचाच हाय," लंकाबाई मागून म्हणाल्या, "आमाला न्हाई बोलला दुपटीचं!"

सत्यशीला म्हणाली, "आप्पा, असा सल्ला देणाऱ्याची सेबीकडं नोंद लागती. त्या नोंदीचा नंबर मागा."

नंबर मिळाला. तिने माझ्यावरच सेबीची यादी उघडली. त्या नंबरापुढे पुण्याच्या एका बाईंचं नाव होतं. आप्पांनी यादीतल्या फोनवर विचारलं, तशा त्या बाई कळवळून म्हणाल्या, "माझा नंबर सांगून कुणीतरी फसवतोय हो. एक रुपयाही देऊ नका!"

पैसे कॉलेजात भरले गेले. सत्यशीला आता नगरला शिकते. घरात नवा मोबाईल आला. मी देवघराच्या कोनाड्यात पडून असतो, संध्याकाळच्या कीर्तनापुरता जागा होतो.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, माझी काच पुसा. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. कीर्तनकार कोण आणि भामटा कोण, हे मला कळत नाही. दोघांचाही आवाज मी सारख्याच गोडीने ऐकवतो. विचारायचं काम तुमचं.