सूर्यभानची चार अल्बमांची यादी

गाडीत माणसं बसणार सात आणि ऑर्केस्ट्रात होती आठ. भांडण नाही, तंटा नाही, कोणी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. तरी सूर्यभानवर जागा जायची वेळ आली ती एवढ्यासाठी.

तसे आजवर आठजण कसेबसे मावत होते. अमरावतीचा हा लग्नाकार्यात वाजवणारा ग्रुप अब्दुल रहीम यांचा. दिवसा इतवारा बाजारातल्या दुकानात शेरवान्या शिवायच्या आणि लग्नसराईत अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. या दिवाळीत त्यांनी स्टेजमागे लावायला रंगीत दिव्यांचा पडदा घेतला. पडद्याच्या दोन पेट्या आल्या. टपावर ठेवल्या तर धूळ जाईल, म्हणून त्या गाडीच्या आत, मागच्या बाकावर, माणसासारख्या बसल्या. आता एक माणूस उतरवणं भाग होतं. गायक-गायिकेला उतरवता येत नाही, ढोलकीवाल्याला उतरवलं तर वरातीतले लोक मारतील. राहता राहिला सूर्यभान.

सूर्यभान बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची ती गिटार. गाण्याच्या अगदी तळाशी जो घुमणारा सूर असतो, तो तिचा. दिवसा वलगाव रोडवरच्या दुकानात तो शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार भरून द्यायचा आणि संध्याकाळी हात धुऊन बेस घ्यायचा. सव्वीस वर्षं झाली होती. आता नितेश नावाचा नवा पोरगा कीबोर्डवर आला होता आणि तो डाव्या हातानंच बेसचं काम भागवतो, असं रहीमभाईंच्या ध्यानात आलं होतं.

"सूर्यभान, वाईट वाटून घेऊ नको," गळ्यात टेप, हातात कात्री अशा अवस्थेत रहीमभाई म्हणाले. "पण खरं सांग, तुह्यं वाजवणं कोणाले ऐकू येते?"

प्रश्न खोटा नव्हता. लग्नात लोक गायिकेचा फोटो काढत, ढोलकीवाल्यावर नोटा ओवाळत. सूर्यभानला आजवर एकदाच एका माणसानं हाक मारली होती, तीही 'दादा, जेवणाची पंगत कुठं हाये' हे विचारायला.

"तुमी बेसचे अल्बम ऐकले काय कधी?" तो शेवटी म्हणाला. "ज्याच्यात बेस समोर येऊन बोलते?"

रहीमभाई माणूस सरळ. समोरच्याचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा धंद्यातला आणि धंद्याबाहेरचाही नियम. ते म्हणाले, "नाई ऐकले. तू चार सांग. इतवारी अकोल्याचं रिसेप्शन हाये, तवापर्यंत ऐकतो. पटलं तं तुह्यी जागा पक्की, पेट्यायचं माह्यं मी पाहीन. नाई पटलं तं अकोला तुह्या शेवटचा कार्यक्रम. मंजूर?"

"मंजूर," सूर्यभान म्हणाला. मंजूर न करून सांगतो कोणाला?

घरी येऊन त्यानं कपाटातून कॅसेटी काढल्या, सीडी काढल्या, मोबाईलमधली गाणी काढली आणि फरशीवर पसारा मांडून मधोमध बसला. चाळीस अल्बम सहज निघाले. चाळीसातून चार निवडायचे, तेही अशा माणसासाठी ज्यानं बेस कधी ऐकलेलाच नाही! एक ठेवला की दुसरा रुसायचा. कठीण दिले तर रहीमभाई कंटाळतील, सोपे दिले तर म्हणतील, यात काय मोठं.

त्याची बायको मैना दोनदा चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दोन्ही कप तसेच होते. "मले पाहाले आले होते तवा तुमी पाच मिनिटात हो म्हतलं होतं," ती म्हणाली. "एवढा विचार तवा केला असता तं?"

"तवा चाळीसातून निवडाची नव्हती."

"म्हंजे एकटीच होती म्हणून केली काय?" मैना म्हणाली आणि कप उचलून गेली. सूर्यभाननं शहाण्या माणसासारखी पुढची कॅसेट उचलली.

दोन दिवसांनी यादी ठरली. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं ती मोटारीच्या पावतीवर काढतो त्याच सुवाच्य अक्षरात लिहिली. पहिला अल्बम कोलकात्याच्या चौघांचा. त्याच्यापुढे त्यानं लिहिलं: 'दुसरं गाणं ऐका. मधात सगळे थांबतात, बेसवाला थांबत नाही.' दुसरा कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या लोकांचा. त्यांची नावं सूर्यभानला आजवर वाचता आलेली नव्हती, पण कव्हरवर केळीचं झाड होतं म्हणून तो केळीवाला. 'यात बेसच गाणं म्हणते, बाकीचे टाळ्या वाजवतात.' तिसरा हैदराबादचा, कव्वालीला बेस लावलेला. 'हे तुम्हाला आवडेल. पण कव्वालाकडे लक्ष देऊ नका.' आणि चौथा एका म्हाताऱ्याचा, माणसापेक्षा उंच असा बेस उभा धरून एकट्यानंच वाजवलेला. त्याच्यापुढे बराच वेळ पेन टेकवून त्यानं नुसतं लिहिलं: 'हा शांतपणे ऐका.' सगळी गाणी त्यानं रहीमभाईंच्या मोबाईलवर पाठवली, पत्रिका नेऊन हातात दिली आणि शुक्रवारपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

शुक्रवारी मात्र राहवलं नाही. गेला, तर रहीमभाईंचा चेहरा पडलेला.

"चारही ऐकले. दोन-दोन डाव," ते म्हणाले. "तू म्हतलं तसे ऐकले, कव्वालाकडे लक्ष नाई देल्लं. तबला ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या, कोलकात्यावाल्यायच्यात एकजण खोकलला तेही ऐकू आलं. तुह्या बेस काई सापडला नाई बाप्पा. अन् त्या म्हाताऱ्याच्या अल्बमात तं काईच नाई. मले वाटलं रिकामाच पाठवला."

सूर्यभानची नजर त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. खिशातून मोबाईल डोकावत होता आणि त्यातून या क्षणीही केळीवाल्यांच्या टाळ्या बारीक चिरचिर करत होत्या. शेजारी शिलाई मशीन धडाडत होतं.

"रहीमभाई, ह्याच्यावर ऐकलं तुमी?"

"मंग कायच्यावर ऐकू? नवा हाये. पोरीनं पाठवला."

"अहो, ह्याच्या एवढ्याशा भोकातून बेस बाहीर येतच नाई! बाकी सारं येते, फक्त बेस येत नाई."

"हे बरं हाये," रहीमभाई हसले, पण हसण्यात दया होती आणि तीच सूर्यभानला जास्त लागली. "नाचता येईना अंगण वाकडं. जाऊ दे सूर्या. इतवारी ये. शेवटचा कार्यक्रम मजेत करू."

रविवारी दुपारी गाडी निघाली. अकोल्यापुरतं सगळ्यांनी दाटून बसायचं ठरलं होतं. रहीमभाई गुडघ्यांमुळे नेहमी पुढे, ड्रायव्हरशेजारी. सूर्यभान नेहमी मागच्या बाकावर. आणि मागच्या बाकाखाली काय होतं, तर ड्रायव्हर नत्थुजीनं हौसेनं बसवलेले दोन दांडगे स्पीकर. बडनेऱ्याच्या पुलाखालून गाडी जाताना सूर्यभानच्या डोक्यात हा प्रकाश पडला. त्याला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ज्याच्यावर बसलो तेच आठवू नये!

"नत्थुजी, गाडी बाजूले घ्या," तो ओरडला. "रहीमभाई, मूर्तिजापूरपर्यंत तुमी माह्या जागेवर बसा. एवढं ऐका माह्यं. शेवटचं."

शेवटचं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? रहीमभाई कण्हत, कुंथत मागे आले आणि पडद्याची एक पेटी मांडीवर घेऊन बसले. सूर्यभान पुढे गेला, त्यानं आपला मोबाईल गाडीच्या टेपला जोडला आणि केळीवाला लावला.

पहिलं मिनिटभर काही झालं नाही. बाहेर तुरीची शेतं, एक ढाबा, संत्र्यांचा ट्रक. मग रहीमभाईंनी बूड जरासं उचलून खाली पाहिलं. परत बसले. मांडीवरच्या पेटीवर त्यांनी तळहात टेकवला, कारण पेटीही थरथरत होती. हळूहळू त्यांची मान हलायला लागली, आणि ती टाळ्यांवर हलत नव्हती.

"नत्थुजी," ते एकदम म्हणाले, "हे खालचं बंद कर अन् नुसतं वरचं चालू ठेव."

नत्थुजीनं बटण फिरवलं. गाणं चालूच राहिलं, सगळं जागच्या जागी होतं, पण ऐकवेना.

"आता लाव."

लावलं. रहीमभाईंनी हे पाचसहा वेळा करायला लावलं. गिऱ्हाइकाला कोट घालून पाहतात, काढतात, परत घालतात, तसं.

"अबे, हे तं अस्तर हाये!" ते शेवटी म्हणाले. "दिसत नाई, पण काढलं का शेरवानी लोंबते. सूर्यभान, तू हे वाजवते?"

"हेच वाजवतो."

शेजारी चेपून बसलेल्या नितेशनं आपला डावा हात वर करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे माह्यानं नाई होत. मी नुसतं खालचं बटण दाबून ठेवतो."

सूर्यभानला गाडीतून उडी मारून नाचावंसं वाटलं. पण रहीमभाईंच्या कपाळावर आठी होती. "मंग तुह्यं काहून ऐकू येत नाई? सव्वीस वर्षं तुह्या बाजूले उभा हावो मी. मोबाईल नव्हता मधात!"

"तुमीच तं म्हतलं होतं, कमी कर."

"मी? कधी?"

"वरूडले. माह्या पयल्या कार्यक्रमात. अठ्ठ्याण्णव साली. तुमी वळून म्हतलं, सूर्यभान, आवाज कमी कर. तवापासून मी बटण दोनावर ठेवलं. कधी वाढवलं नाई."

रहीमभाई तोंड उघडं ठेवून आठवत होते. मग त्यांना आठवलं. "अबे, त्या नवरदेवाचा आजा आजारी होता! मांडवाच्या मागच्या खोलीत निजला होता. म्हणून म्हतलं कमी कर. त्या रातीपुरतं!"

"मले काय माहीत?"

"तो आजा मरून वीस वर्षं झाले असन, लेका! अन् तू अजून त्याची झोप सांभाळून राहिला?"

आधी नत्थुजी हसला, मग सगळी गाडी. सूर्यभानही हसला, पण त्याला रडूही येत होतं. इतकी वर्षं तो समजत होता की मोठ्या माणसानं आपलं वाजवणं ऐकलं आणि ते झाकून ठेवण्याच्या लायकीचंच निघालं. म्हणून कधी विचारलंही नाही. मूर्तिजापूर आलं, गेलं, रहीमभाई पुढे यायला उठलेच नाहीत. म्हाताऱ्याचा अल्बम त्यांनी डोळे मिटून बोरगावपर्यंत ऐकला.

अकोल्याच्या हॉलमध्ये सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. सूर्यभाननं बटण दोनावरून हलवलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की पक्कड लागते की काय असं वाटलं. तीन, चार, सहा. पहिल्या सुराला त्याचा तोच दचकला. गायिका अफसाना मागे वळून पाहून गेली. नितेशनं डावा हात सरळ खिशात घातला.

तिसरं गाणं जुनं, प्रत्येक लग्नात होणारं. सूर्यभान रंगात आला होता. अंतऱ्यात एक वळण आहे, तिथे बोटं लांबवर न्यावी लागतात. वर्षानुवर्षं सूर्यभान तिथे जवळची तार छेडून वेळ मारून नेत असे. आजही सवयीनं तीच छेडली. सूर सबंध हॉलमध्ये घुमला, आणि तो साफ चुकीचा होता.

रहीमभाईंनी अ‍ॅकॉर्डियन वाजवता वाजवता मान वळवली आणि डोळे वटारून पाहिलं.

मध्यंतर झाल्याबरोबर ते तरातरा आले. "अंतऱ्यात काय वाजवलं बे?"

"चुकलं," सूर्यभान म्हणाला.

"आजच चुकलं, का नेहमीच असं वाजवते?"

"नेहमीच."

"सव्वीस वर्षं?"

सूर्यभाननं मान खाली घातली.

"शरम नाई वाटत? बेस्तवारी रियाजाले सगळ्यायच्या आधी ये. तो अंतरा पक्का केल्याबिगर तुले सोडत नाई. अन् नत्थुजीले सांग, पुढच्या डावापासून पेट्या ताडपत्री बांधून टपावर टाकाच्या." एवढं बोलून ते भजी खायला निघून गेले.

सूर्यभान हॉलच्या मागे, आचाऱ्यांच्या भांड्यांपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं मैनाला फोन लावला.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. "जागा गेली काय?"

"मी चुकलो मैना," तो म्हणाला. "अंतऱ्यात चुकलो. अन् रहीमभाईले ऐकू आलं."

"मंग रडून काहून राहिले?"

"रडून नाई राहिलो," सूर्यभान म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसले.