दीड इंची खडी

"फोडिते मी खडी, सडक कुणाच्या गावाची?
माझ्या बाळाच्या नावाची, बाई, माझ्या बाळाच्या नावाची..."

हा माझ्या मायचा आवाज. बहात्तरचा दुष्काळ, अंबाजोगाईकडं जाणारा अर्धामुर्धा रस्ता आणि त्याच्या कडेला रांगेनं बसलेल्या बाया. प्रत्येकीपुढं दगडांचा ढीग, हातात हातोडा. मी सहा वर्षांचा, तिच्या पाठीला पाठ लावून बसलेला. ओवीच्या मधेच ती हाक द्यायची, "डोळे मीट रे ईश्वर, कपची उडंल." मी डोळे गच्च मिटायचो. पुढची पंचवीस वर्षं मी ते फारसे उघडले नाहीत.

सत्त्याण्णव साली मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला सॉफ्टवेअर लिहीत होतो, आणि आमच्या ओळखीतली सगळी मराठी मंडळी खडीच्या प्रेमात पडली होती.

त्याचं असं झालं, की पुण्याच्या चंद्रशेखरला कंपनीनं सहा महिने इंग्लंडला पाठवलं. माणूस परत आला तो रेनकोट घालूनच. कॅलिफोर्नियात मे ते ऑक्टोबर थेंब पडत नाही, पण शेखरच्या अंगावरचा रेनकोट काही उतरेना. तिथल्या खेड्यापाड्यांतून त्यानं सायकल चालवली होती; डांबरी रस्ते सोडून, शेतांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या खडीच्या वाटांवरून. त्या वाटांचं एक पुस्तकही त्यानं आणलं होतं. पानापानाला प्लास्टिक चढवलेलं, वाट अन् वाट पिवळ्या पेनानं रंगवलेली. ते तो अशा काही भक्तीनं उघडायचा, की आमच्यातले दोघं-तिघं नकळत चपला काढून बसायचे.

"यार, तिथली खडी काय सांगू!" तो म्हणायचा. "टायरखाली बोलते ती. इकडं मेंढ्या, तिकडं दगडी चर्च, मधे तू. स्मूथ रोडवर माणसाला आयुष्यच कळत नाही."

ज्या रस्त्यांना शिव्या घालत आम्ही मोठे झालो, तसल्याच रस्त्यांवर धक्के खायला आम्ही मग जाड टायरच्या सायकली घेतल्या. नागपूरच्या विष्णूचे लहानपणी खडीवर पडून दोन दात गेले होते. सगळ्यांत भारी सायकल त्याचीच. "दात आधीच दिलेत ना यार," तो म्हणायचा, "आता घाबरायचं कशाला?"

जूनमध्ये आठ जणांनी इंग्लंडला जायचं आणि पुस्तकातली सात नंबरची वाट करायची, असं ठरलं. तोवर दर रविवारी क्युपर्टिनोच्या मागच्या टेकड्यांत सराव. तिथल्या कच्च्या रस्त्याच्या पहिल्या वळणाला शेखरनं 'चर्च कॉर्नर' असं नाव ठेवलं. तिथं चर्च नव्हतं. पार्कवाल्यांचा संडास होता. पण श्रद्धा असली की भागतं.

अशाच एका रविवारी, चर्च कॉर्नरला थर्मासमधला चहा पिताना, आयांचा विषय निघाला. शेखरची आई मुख्याध्यापिका, विष्णूची बँकेत. मग शेखर माझ्याकडं वळला. पहिल्या भेटीत त्यानं मला "सरवदे म्हणजे कुठले तुम्ही?" असं विचारलं होतं. मी "बीडचे" म्हणालो, तरी त्याचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं होतं. त्याला जिल्हा नको होता.

"आणि तुझी आई, ईश्वर?"

"पीडब्ल्यूडीत होती." इथं थांबलो असतो तर निदान थोडक्यात भागलं असतं. "ओव्हरसिअर."

"त्या काळात? लेडी ओव्हरसिअर? क्या बात है!"

त्या दिवसापासून टेकडी चढताना शेखर माझ्या बरोबरीनं सायकल चालवू लागला. मला ते आवडलं. हेही इथं लिहून ठेवतो.

एप्रिलात माय आली. रमाबाई सरवदे, वय बासष्ट, पहिल्यांदाच विमानात बसलेली. विमानात हवाई सुंदरीनं दिलेला प्लास्टिकचा चमचा धुऊन, रुमालात बांधून तिनं माझ्यासाठी आणला होता. ती आल्याचं शेखरला कळलं, आणि आठवडाभरात त्याच्या बायकोनं, उत्तरानं, आमच्या सायकल मंडळाचं पत्रक काढून घरोघरी पाठवलं.

शनिवारी दुपारी माय स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती. पन्नाशीत ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली, तेव्हापासून मराठी छापलेलं दिसलं की सोडत नाही. पत्रकावर बोट ठेवून ती वाचायला लागली. "इंग्लंडच्या वाटेवर... सराव फेरी... शुभारंभ, श्रीमती रमाबाई सरवदे... नि-वृ-त्त... ओ-व्ह-र..."

बोट थांबलं.

"ईश्वर, हितं माझ्याच नावाची दुसरी बाई हाय का रं?"

प्रणिता, माझी बायको, गॅसपाशी उभी होती. तिनं मान वळवली नाही. "सांगा ना आता," ती म्हणाली. "दोन महिने मी हेच म्हणतेय."

मी सांगितलं. माय ऐकत होती, मेथीची पानं खुडत होती. मग म्हणाली, "ओरशेर लई शिव्या देयचा रं आम्हाला. त्याच्या खुर्चीत बशीवलंस व्हय मला?"

"मी फोन करून कॅन्सल करतो, माय."

"काय म्हनून करशील? आनिक एक खोटं बोलशील." तिनं निवडलेली भाजी प्रणिताकडं सरकवली. "ऱ्हाऊ दे. तुझी मानसं हायेत. तुझ्यासाठी मी गप बसन. मला गप बसायला कुनी शिकवाया नगं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या खोट्यात राहायला तयार झाली. रोजगारासाठी गाव सोडताना व्हायची तशी, बोचकं बांधून.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी वीस-पंचवीस माणसं जमली. दोन खांबांना लाल फीत. शेखर रेनकोटात. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं, पायात प्रणिताचे बूट. शेखरची मुलगी राधिका हेल्मेट घालून तिच्याकडं टक लावून बघत होती. "डॅडी, इज शी द बॉस ऑफ रोड्स?"

"यस बेटा. से नमस्ते."

मग शेखरनं भाषण सुरू केलं. "मित्रहो, आपल्याकडं खडी म्हणजे काय? कुठल्या तरी अडाणी बायाबापड्यांनी वेडेवाकडे फोडलेले धोंडे. ना साइज, ना फिनिश. मजुरी मिळाली की झालं. इंग्लंडात बघा, एकेक खडा कसा घडवल्यासारखा. आणि म्हणूनच, आपल्याकडच्या त्या गोंधळाला ज्यांनी शिस्त लावली, अशा काकू आज—"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे हात माझ्या आधी वाजले.

मायचं लक्ष भाषणात नव्हतं. ती वाकली, वाटेवरचे दोन खडे उचलले, तळहातावर फिरवले. "ही दीड इंची," ती स्वतःशीच म्हणाली. "ही बारकी. मिसळ केलीय लेकांनी." आणि मला दिलेला शब्द आठवून एकदम गप्प झाली.

"बघा!" शेखर ओरडला. "नुसत्या नजरेनं! याला म्हणतात एक्सपिरियन्स. काकू, तुमच्या हाताखाली किती बायका होत्या हो?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. मग तिचा डावा हात हळूच पदराखाली गेला. त्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. बहात्तर साली एकदा हातोडा दगडाऐवजी त्याच्यावर बसला, आणि ते परत कधी धड उगवलं नाही. त्या अंगठ्यानं तिनं माझे डोळे पुसलेत, माझ्या फॉर्मांवर निशाणी केलीय, वर्गात 'र' काढताना पाटी दाबून धरलीय. आजवर तो तिनं कुणापासून लपवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"मला काय आठवंना, बाबा," ती म्हणाली.

आठवंना! तिच्या रांगेतल्या सतरा बायांची नावं ती आजही ओवीसारखी म्हणते. कोण कुणाच्या उजवीकडं बसायची, कुणाचं पोर कुठल्या झाडाला झोळीत टांगलेलं असायचं, सगळं.

"मॉडेस्टी!" शेखर लोकांना म्हणाला. "ईश्वर, तूच सांग रे काकूंबद्दल दोन शब्द."

विष्णूनं माझ्या पाठीवर थाप मारली. प्रणितानं माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. कुणाची तरी सायकल स्टँडवरून कलंडली, ती सरळ होईपर्यंत सगळे थांबले. तेवढा वेळ मला पुरला. मी मायजवळ गेलो, पदराखालचा तिचा हात धरून बाहेर काढला. ती ओढत होती. मी सोडला नाही.

"शेखर, मी तुला खोटं सांगितलं," मी म्हणालो. "माझी माय ओव्हरसिअर नव्हती. ती खडी फोडायची, उन्हात बसून, या हातानं. तू आत्ता म्हणालास ना, अडाणी बायाबापड्या, ती त्यांच्यातली. मुकादमाकडं एक लोखंडी कडं असायचं. प्रत्येक खडा त्यातून घालून बघायचा तो, एक जरी अडकला तरी अख्खा ढीग परत. मी तिच्या पाठीशी बसलेला असायचो, मला माहीत आहे. माझ्या मायचा ढीग एकदाही परत आला नाही."