तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

आमच्या गावात ताटलीतली शेवटची वडी कुणी उचलत नाही. आधी तिचा अर्धा तुकडा कुणीतरी घेतं, मग उरलेल्याचा अर्धा दुसरं कुणी, आणि शेवटी नखाएवढा कण संध्याकाळपर्यंत पडून राहतो. कॉफीचंही तेच. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात माणसं अशीच आहेत. लग्नानंतर, गावी परत येईपर्यंत, मी चौदा वर्षं बॉस्टनला काढली. तिथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. पहिला महिना अर्धपोटी राहिले, मग शहाणी झाले.

माझी भाची ब्रिटा शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर. तिच्याइतकी चांगली गोलकीपर मी या गावात पाहिली नाही, आणि बर्फाच्या रिंकवरचा कॉफीचा गाडा माझाच असल्यामुळे मी सगळ्या पाहिल्या आहेत. तिला कॉलेजात खेळायचं होतं. नुसतं शिकायचं नव्हतं, खेळायचं होतं. लहानपणापासून पोरीने दुसरं काही मागितलं नाही. त्यासाठी कॉलेजांच्या कोचना आपणच पत्र लिहावं लागतं, खेळाचा व्हिडिओ पाठवावा लागतो. तिने लिहिलेलं पत्र तिने मला दाखवलं.

'माझं नाव ब्रिटा हाउगडाल. मी बरी खेळते. आमच्या संघातल्या इतर मुली फार छान आहेत.'

"हे काय आहे?" मी म्हटलं. "तुझ्यासाठी लिहिलंयस की त्यांच्यासाठी?"

"आत्या, मग काय 'मी मोठी' असं लिहू?"

"उंची लिही. मार्क लिही. शंभरातले त्र्याण्णव फटके अडवतेस ते लिही. पुढचे सामने कुठे, कधी, ते लिही. याला फुशारकी नाही म्हणत, याला माहिती म्हणतात!"

व्हिडिओ तर पत्राच्या वरताण. सुरुवातीलाच तिच्यावर झालेले तीन गोल. का, तर आपण शिष्ट आहोत असं कुणाला वाटू नये म्हणून!

"अगं, घर विकताना कुणी गळक्या नळाचा फोटो लावतं का?" माझा पारा चढला. पण तिसरा गोल मी राहू दिला. तो झाल्यावर ब्रिटाने काठीने गोलच्या खांबाला एक ठोका दिला होता, आणि पुढचे अकरा फटके अडवले होते.

पत्र अठरा कॉलेजांना गेलं. सतरांनी नुसते आभार मानले. एक उत्तर मात्र बॉस्टनजवळच्या एका कॉलेजातून आलं, तिथल्या कोच डन्फींकडून. त्यांना एकच गोलकीपर हवी होती. जानेवारीत त्या स्वतः सामना बघायला आल्या. माझ्याच गाड्यावर त्यांनी कॉफी घेतली, पहिल्याच विचारण्याला. ब्रिटाची बॅग तिचा बाप उचलतो की ती स्वतः, हेसुद्धा बाई बघत होत्या. ती स्वतःच उचलत होती.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही तिघं लाईलच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. लाईल म्हणजे माझा धाकटा भाऊ, ब्रिटाचा बाप. टेबलावर मी केलेल्या लिंबाच्या वड्या होत्या. एवढ्यात फोन वाजला. ब्रिटाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ब्रिटा, कोच डन्फी बोलतेय. आमच्या संघात ये. ती जागा तुझी."

ब्रिटाचा चेहरा असा उजळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ती म्हणाली, "अय्या, कशाला उगीच! तुमच्याकडे माझ्याहून चांगल्या मुली असतील."

"नको म्हणतेस?"

"माझ्यासाठी अडून राहू नका हं."

"बरं. स्पष्ट सांगितलंस, छान झालं. दुसरी एक मुलगी वाट बघतेय, तिला कळवते. शुभेच्छा."

फोन बंद झाला. दोघं बापलेक फोनकडे बघत बसली.

"आता करेल परत," लाईल म्हणाला.

"कशाला करेल?"

"अगं ताई, दोनदाच तर झालं."

मी डोक्याला हात लावला. "ती बॉस्टनची आहे रे, गाढवा! तिकडे नको म्हणजे नको!"

ब्रिटा पांढरीफटक पडली. "पण आत्या, मला हवंय ते. तू सांग ना त्यांना."

"मी कशी सांगू? आत्याला घेऊन जाणारेत का त्या? तूच लाव फोन. आत्ता."

"काय बोलू?"

"जे आत्ता मला म्हणालीस, तेच."

तिने फोन लावला. वाजत राहिला. माझा जीव टांगणीला लागला होता. लाईल उगाचच टेबल पुसत होता.

"डन्फी."

"कोच, मी ब्रिटा. मघाशी मी नको म्हटलं, ते... आमच्याकडे तसं म्हणायची पद्धत आहे. मला यायचंय. मला ती जागा हवी आहे."

"आणि त्या तुझ्याहून चांगल्या मुली?"

ब्रिटाने बापाकडे पाहिलं. आमच्या घरात सर्वांत मोठी स्तुती म्हणजे 'काही वाईट नाही'. तीसुद्धा लाईलच्या तोंडून वर्षातून एकदा. त्याचं फडकं थांबलं.

"नाहीयेत," ब्रिटा म्हणाली. "मी चांगली आहे. खूप चांगली आहे."

"मला माहीत आहे गं," बाई हसल्या. "म्हणून तर एवढ्या थंडीत आले होते. नशीब समज, तिला अजून फोन लावला नव्हता. ऑगस्टमध्ये भेटू."

मी टेबलावर हात आपटला आणि ब्रिटाला मिठी मारली. पोरगी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. लाईल मात्र जागचा हलला नाही. आता हा अंगणातला बर्फ काढायला पळणार, असं मला वाटलं, कारण त्याला गहिवरून आलं की तो फावडं घेतो.

त्याने ताटली उचलली. तिच्यात एकच वडी उरली होती. ती त्याने लेकीपुढे धरली.

"चांगली आहेस तू," तो म्हणाला. "घे."

तिने पहिल्याच विचारण्याला घेतली, अख्खी.