डेलियामावशीची चाल

मी एक जुनी हातपेटी आहे, मित्रांनो. तुमच्या भजनातल्या पेटीची लांबची बहीणच म्हणा ना. सहा कोनांची, दोन तळहातांमध्ये मावणारी. भाता ओढला की माझ्यात श्वास भरतो आणि बटणांवर बोटं पडली की मी बोलते. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं आणि आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, डेलियाच्या घरी मी नांदायला आले.

तिच्या हातचं सुख काय सांगू! संध्याकाळची जपमाळ पुरी झाली, की ती मला मांडीवर घेई. तिची बहीण अंथरुणाला खिळली, तेव्हा उशाशी बसून डेलियाने एक चाल बांधली. बहीण गेली. मागे राहिलेल्या भाचीला, मुरिनला, तिने ती चाल शिकवली आणि मुरिन शहरात निघाली तेव्हा मलाही तिच्या हाती दिलं.

मुरिन नावाजलेली गायिका झाली. स्वतः गाणी रचायची, स्वतः गायची. मावशीच्या त्या चालीवर तिने आईचं गाणं बांधलं आणि ते घरोघर पोचलं. लोक माझंही कौतुक करत. पण तबकडीवर नाव एकट्या मुरिनचं होतं. चाल कशी सुचली, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "अशीच, पावसात चालताना."

पुढे तिने मला कपाटात ठेवून दिलं. मला पाहिलं की तिला मावशी दिसत असावी. माझ्या भात्याचं कातडं सुकलं, भेगाळलं.

मावशीला घराबाहेर पडवेनासं झालं, तेव्हा मुरिनने तिच्याच स्वयंपाकघरात गायचं ठरवलं. मला सोबत घेतलं. शेजारीपाजारी आपापल्या खुर्च्या घेऊन आले.

"तिकीट नाही ना गं?" शेजारचा फ्लॅन म्हणाला. "मग थोडं बेसूर झालं तरी खपवून घेऊ!"

सगळे हसले. दोनतीन गाणी झाली.

"आता आईचं होऊ दे," फ्लॅन म्हणाला.

मुरिनने मला उचललं. भेगेतून नुसती हवा गेली. तिने मला खाली ठेवलं.

"ही चाल माझी नाही," ती म्हणाली. "मावशीची आहे. मी सगळीकडे खोटं सांगितलं."



"ठाऊक आहे," डेलिया म्हणाली. "रेडिओ आहे माझ्याकडे. अन् शेवटची ओळ चुकीची म्हणतेस. दर वेळी जीव तळमळतो माझा."

"मावशी, रागाव ना माझ्यावर."

"रागावून झालं. कोंबड्यांना दाणे टाकताना रोज रागावले. ये इकडे."

गाणाऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत आहे. डेलियाने तिचा हात धरला. मुरिन गाऊ लागली. शेवटच्या ओळीला डेलियाने हात घट्ट दाबला.

"सूर खाली उतरवू नकोस. थांब तिथे. तुझ्या आईचा श्वास तिथेच अडायचा."

मुरिनला रडू फुटलं. "आणि तेच मी पुसून टाकलं."

"पुन्हा म्हण," डेलिया म्हणाली. "बसलेत ना लोक."

एवढी मोठी गायिका, पण सगळ्यांसमोर ती ओळ चुकत चुकत शिकली.

माझा भाता आता नव्याने शिवलाय. मुरिन हल्ली गाण्याआधी मावशीचं नाव घेते. पण विकल्या गेलेल्या तबकड्या परत बोलावता येत नाहीत. त्यांतल्या त्या ओळीचा सूर तसाच उतरत जातो, आणि तो ऐकला की मुरिन मान खाली घालते.

मित्रांनो, कोणाकडून काही घेतलंत, तर ते माणूस ऐकायला आहे तोवरच त्याचं नाव घ्या. आणि आमच्यासारख्या वस्तूंना सांभाळा. आमच्याकडे पाहून लाज वाटली, तर कपाटात लोटू नका. त्या दिवशी तर आम्हाला नक्की हातात घ्या.