एक नर पुरे

आमच्या सरोवराकाठी झुकिनी लावायची म्हणजे थंडीशी हुज्जत घालायची. इथे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला उन्हाळा डिसेंबरात येतो, तोही घाईतल्या पाहुण्यासारखा, बूटही न काढता. डिसेंबरात रोप बाहेर लावावं, तर फेब्रुवारी सरायच्या आत हिव पडून सगळं काळं होतं. मधल्या दिवसांत वारा आहेच. शहाणी माणसं बटाटे लावतात, पावटे लावतात आणि गप्प बसतात. माझी बायको नोल्फा त्या शहाण्यांतली नव्हती. ती उत्तरेकडची, तिकडे झुकिनी उकिरड्यावरही येते. लग्न करून आली तेव्हा ट्रंकेत बिया घेऊन आली आणि दर वर्षी थंडीशी भांडत राहिली. कधी चार मिळायच्या, कधी एकही नाही. पहिली झुकिनी बोटभर झाली, टोकाला फूल असलं, की तोडायची, दुधात शिजवायची, वर चीज किसायचं आणि आम्ही दोघांनी एका ताटात खायची, हा तिचा नेम.

मी मेंढपाळ माणूस. जन्म मेंढ्यांच्या मागे गेला. बागेचं फाटक मी कधी ओलांडलं नव्हतं, कारण आमच्याकडे मांस पुरुषांचं आणि वाफे बायकांचे. कोणी बाप्या वाफ्यात वाकलेला दिसला तर गावभर चर्चा होते.

यंदा रोपं अजून खिडकीत होती, तेवढ्यात नोल्फाच्या पोटात गाठ निघाली. तिला विमानाने राजधानीत, सांतियागोच्या इस्पितळात न्यावं लागलं. आमची मुलगी यास्ना तिकडेच असते. धावपट्टीवर निरोप घेताना नोल्फाने दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रोपांना पाणी किती घालायचं ते मात्र तिने मला तीनतीनदा सांगितलं. मी हो हो म्हणालो. घरी आल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

एक सोडून सगळी रोपं मेली. जे उरलं ते मी दगडांच्या आडोशाला लावलं आणि भोवती मेंढीच्या कातड्यांची भिंत केली. शेजारची क्लोरिंदा कुंपणावर कोपरं टेकून सगळं बघत होती. “बाल्तासार, आता एक फ्रॉक पण शिव स्वतःला,” ती म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण त्यानंतर ती रोज येई, आणि येताना मला येर्बाचा कडू काढा घेऊन येई, हेही सांगितलं पाहिजे.

फोन लागायचा तो फक्त मागच्या टेकाडावर. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन नोल्फाशी बोलत असे. मी तिला तब्येत विचारायचो, ती मला झुकिनी विचारायची. कळ्या आल्या म्हटल्यावर तिचा आवाज एकदम ताजा झाला. तिने समजावून सांगितलं, कळीच्या बुडाशी बारीकशी झुकिनी दिसते ती मादी, नुसत्या देठावर असतो तो नर.

आता हे मला पहिल्यांदाच काहीतरी कळण्यासारखं सांगितलं होतं कोणी. नर आणि मादी. अहो, यात माझा हात धरणारा या खोऱ्यात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर झाडावर नरच नर, मादी दोन की तीन. सगळे फुकटखाऊ. कळपात असं झालं तर आपण काय करतो? चांगला दणकट एक मेंढा ठेवतो आणि बाकीचे खच्ची करतो. नाहीतर चारा त्यांच्या पोटात जातो आणि मेंढ्यांना त्रास. मी जाड देठाचा एक नर निवडला आणि बाकीच्या कळ्या पटापट खुडून टाकल्या. हातासरशी शेंड्यातले बारीक नरही काढले. क्लोरिंदाला म्हटलंसुद्धा, बघ, बायकांना इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते.

माझा तो दणकट नर दुसऱ्याच दिवशी उमलला. पाऊस होता. दुपारपर्यंत मिटला आणि गळून पडला. तोवर एकही मादी उमलली नव्हती. त्या उमलल्या नंतर, एकेक करून, सकाळभर तोंड उघडून वाट बघत. मग त्यांच्या बुडाच्या इवल्या झुकिन्या पिवळ्या पडल्या, टोकाकडून सडल्या. मला वाटलं, थंडीनेच झालं.

टेकाडावरून मी नोल्फाला सगळं सांगितलं, शहाणपणासकट. मग ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “अरे, तो मेंढा नाही. त्याचं सगळं आयुष्य एका सकाळचं.”

मग फोन यास्नाने घेतला. खोलीबाहेर आली असावी, कारण आवाज बारीक केला होता. “बाबा, डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. ते आता काही करणार नाहीयेत. आईला घरी यायचंय. ती काही खात नाही हो. मांसाचा नुसता वास आला तरी उलटी होते. फक्त त्या झुकिनीचं विचारते.”

मी टेकाडावर उभा राहिलो. खाली माझ्या मेंढ्या चरत होत्या, वर्षभर पुरेल एवढं मांस, आणि त्यातला एक घास तिच्या कामाचा नव्हता. तिला हवं होतं ते मी माझ्या हाताने खुडून फेकलं होतं. खाली येऊन झाडापाशी बसलो आणि शेंड्यात नर शोधायला लागलो. असं काही शोधून येत नसतं, ते मलाही ठाऊक होतं.

नोल्फा आली ती छोट्या विमानातून, यास्नाच्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिला उचललं तर हाताला वजनच लागेना. विणीच्या वेळच्या अशक्त मेंढीला उचलताना मला असंच वाटतं, आणि ती मेंढी सहसा जगत नाही. हा विचार आला म्हणून मला माझाच राग आला.

पण झाडाने तोवर दया केली होती. शेंड्यात पुन्हा एक नर आला होता, आणि खाली एक मादीही फुगत होती. दोन्ही एकाच सकाळी उमलली. आम्ही नोल्फाला खुर्चीसकट बागेत नेलं, जाड लोकरीच्या रजईत गुंडाळून. तिने नर फूल तोडलं, पाकळ्या सोलून टाकल्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या पोटात हलकेच फिरवला. मी तिच्या मनगटाखाली माझा हात धरला.

“बघितलंस? एवढंच असतं,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी करशील ना?”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी तूच कर. तिने बोटांना लागलेली पिवळी पूड रजईला पुसली. कुंपणापलीकडे क्लोरिंदा उभी होती, माझा काढा तिच्या हातातच निवत होता.

झुकिनी धरली. रोज संध्याकाळी मी नोल्फाला माझ्या बोटावर दाखवायचो, आज नखाएवढी, आज पेराएवढी. ती मान हलवायची. पाणीसुद्धा आता चमच्याने पाजावं लागत होतं. तरी बोट बघितल्याशिवाय डोळे मिटायची नाही.

मग एका संध्याकाळी वारा पडला. आकाश स्वच्छ झालं. आमच्याकडे वारा पडला की लोक आनंदत नाहीत, पांघरुणं शोधतात, कारण अशा रात्री हिव पडतं. माझा अंगावरचा लोकरी पोंचो, कातडी, पोती, जे हाताला लागलं ते मी झाडावर घातलं. ते पुरणार नव्हतं. घरातली ऊबदार म्हणावी अशी ती रजई तेवढी उरली होती, आणि ती नोल्फाच्या अंगावर होती.

“ही ने,” ती म्हणाली. “मला आता कशानेच ऊब येत नाही. तिला तरी येऊ दे.”

मी रजई उचलली. दारापर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं तर तिचे दात वाजत होते आणि ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. मी परत आलो, रजई तिच्या अंगावर घातली आणि कडा गादीखाली खोचल्या. यास्ना शेगडीत लाकडं सारत होती, तिने मान वर केली नाही.

सकाळी झाड उकडल्यासारखं काळं लोळागोळा होऊन पडलं होतं. पोंचोखाली झुकिनी सापडली, जेमतेम बोटभर. टोक काचेसारखं झालं होतं, ते मी कापून टाकलं. उरलेली माझ्या अंगठ्याएवढी भरली. जन्मात मी चुलीवर मांसाशिवाय काही शिजवलं नव्हतं. दुधात मऊ होईपर्यंत शिजवली, चीज किसून घातलं, मीठ घालून दोनदा चाखून पाहिलं. यास्ना म्हणाली, मी देते, पण मी चमचा सोडला नाही.

नोल्फाने तोंड उघडलं. घास तिच्या जिभेवर बराच वेळ राहिला. गिळताना तिने डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहिलं, सवयीची तीच थट्टेची नजर.

“मीठ विसरलास, म्हाताऱ्या.”

“विसरलो खरा,” मी म्हणालो.