पाठीवरचा निळा बाण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. तीन फूट जमिनीवर, दीड फूट जमिनीखाली. निम्मं आत्मवृत्त इथेच संपलं. उरलेलं तेवढं ऐका.

आयर्लंडमध्ये पोर्टलीशपासून अर्ध्या तासावर एक दरी आहे. तिथल्या रानात एका टेकडीभोवती फिरायला वाट केली आहे. फाटकाशी पाटी आहे: ‘सोपी वाट. अडीच किलोमीटर. चाळीस मिनिटं.’ सोपी कुणाला, ते लिहिलेलं नाही. या वाटेवर आम्ही नऊ खांब. मी सातवा.

माझा जन्म समोरच्याच उतारावर झाला. मी लार्चचं झाड होतो. माझे भाऊबंद कुंपणात गेले, दोघे तर कोंबड्यांच्या खुराड्यात गेले. मला मात्र जबाबदारीची जागा मिळाली, कारण माझ्याशी वाट फुटते. एक फाटा खाली ओढ्याकडे, फाटकाकडे जातो. दुसरा वर लागवडीच्या रानात जातो. तिथे सगळी झाडं एकाच वयाची, एकाच उंचीची आणि एका रांगेत. आत शिरलेल्या माणसाला चारी दिशा सारख्याच दिसतात.

गावच्या वाट-समितीने माझ्या छातीवर पिवळा बाण ठोकला. टेकडी डाव्या हाताला ठेवून चालायचं, असं तो सांगतो. असंच का? तर उद्घाटनाच्या फोटोत त्या बाजूने मागे ओढा येत होता. पाठीवर काही ठोकलं नाही. उलट्या बाजूने कुणी येईल, हे समितीला सुचलंच नाही.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. एका बाईंनी मला ‘लव्हली’ म्हटलं. कुत्र्यांनीही आपापल्या पद्धतीने म्हटलं. मग शेवाळ चढलं, आणि लोक माझ्याकडे न बघता बरोबर जायला शिकले. खांबाच्या आयुष्यात याहून मोठं यश नाही, आणि याहून मोठं दुःखही नाही.

आणि मग एका सकाळी रविंद्रराव आले. उलटे.

ते नागपूरचे. सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं नोकरी केलेली. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरणं आणि रंगवणं हे त्यांचं काम. पत्नी गेल्यावर मुलाने, राजसने, त्यांना इकडे आणलं. राजस सॉफ्टवेअरमध्ये, घरूनच काम करणारा. त्या दिवशी तो आणि त्याची मुलगी रेवा बरोबर होते.

“आबा, यू’र गोइंग द राँग वे, लाइक,” रेवा म्हणाली.

“बाबा, बाण तिकडे आहे,” राजस म्हणाला.

“बाण असंन तिकडे. वर देव नाही काय? झाडाले चिंध्या बांधल्या आहेत, पायल्या ना तू? देवाले उजव्या हाताले ठेवून फिरतेत. उलटी प्रदक्षिणा घालतेत काय बे?”

टेकडीवर हॉथॉर्नचं म्हातारं झाड आहे. नवस बोलून लोक त्याला चिंध्या बांधतात. मेंढ्या पाळणारा मार्टिन तिथेच उभा होता. त्याला मराठीचं अक्षर कळलं नाही, पण हाताची खूण कळली. “बरोबर आहे तुझ्या बापाचं,” तो राजसला इंग्रजीत म्हणाला. “माझी आईसुद्धा सूर्य फिरतो तशीच फिरायची. समितीला कोण सांगणार?” आणि रविंद्ररावांकडे बघून म्हणाला, “ग्रँड!” म्हणजे इकडच्या बोलीत ‘झकास’.

“ग्रँड!” रविंद्रराव म्हणाले. दोघांची मैत्री एवढ्या एका शब्दावर वर्षभर टिकली.

मित्रांनो, रविंद्ररावांना विसर पडू लागला होता. डॉक्टरांनी आज वार कोणता म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, “मीटिंगचा.” राजसच्या घरात ते उत्तर कुठल्याही दिवशी बरोबर ठरलं असतं, पण डॉक्टरांनी चूक धरलं. राजसने अट घातली. “बाबा, रोज अकराला जा. चाळीस मिनिटांत परत. एकदा जरी चुकलात, तरी एकट्याने जाणं बंद.”

दिवसातली तीच चाळीस मिनिटं त्यांची स्वतःची होती. बाकीचा दिवस खिडकी आणि ‘बाबा, हळू बोला, मीटिंग आहे’.

पुढे एकदा ते माझ्या पाठीशी येऊन थांबले ते बराच वेळ थांबले. एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “काय बे खांब्या, इकून काहून काही लिहिलं नाही तुह्यावर?” त्या दिवशी मार्टिनने त्यांना खाली नेलं. दुसऱ्या दिवशी रविंद्रराव रंगाचा डबा घेऊन आले. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा मार्टिनचा निळा रंग होता तो. त्यांनी आम्हा नऊच्या नऊ खांबांच्या पाठीवर एकेक बाण काढला. हात चौतीस वर्षांच्या सरावाचा, पण आता म्हातारा. माझा बाण थोडा पोटात वाकला होता. मला तो छातीवरच्यापेक्षा जास्त आवडला.

“पोराले सांगू नको,” त्यांनी मला बजावलं. “बाण लागतेत म्हटलं, की फिरणं बंद करंन.”

मी सांगितलं नाही. ते मला जमतंच.

सात महिने ते एकदाही चुकले नाहीत. मित्रांनो, सात महिने मी दोन्ही बाजूंनी उपयोगी होतो.

मग समितीची सभा झाली. खांबांवर ‘विध्वंसक खुणा’ आढळल्याची नोंद झाली. संशय पोर्टलीशच्या टोळक्यांवर. हा निळा रंग कुणाच्या मेंढ्यांचा, हे मेंढ्यांनाही सांगता आलं असतं, पण समितीत मेंढ्या पाळणारं कुणी नव्हतं. मार्टिन खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. एका शनिवारी साफसफाई ठरली, चहा-बिस्किटांसकट.

स्वयंसेवकांत सगळ्यात उत्साही राजस होता. चार वर्षं गावात राहून त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. त्याला गावात मिसळायचं होतं. त्याने तारेच्या ब्रशने माझी पाठ अशी घासली, की माझी सालपटं निघाली. “काय लोक असतात!” तो म्हणाला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. अध्यक्षबाईंनी त्याला पहिल्यांदा राजस म्हटलं. उच्चार चुकला, पण म्हटलं.

सोमवारी अकराला रविंद्रराव आले. माझ्या पाठीकडे पाहिलं. वाकून पाहिलं. बोटाने चाचपलं. “इथंच होता ना बे?” त्यांनी विचारलं.

मी खांब आहे, मित्रांनो. मी तिथेच उभा राहिलो.

ते वरच्या फाट्याने गेले.

दिवस मावळायच्या बेतात असताना झाडं तोडणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला ते सापडले. एका खोडावर बसलेले, एका पायात बूट नाही. दगड मोजत मोजत किलोमीटर बारापर्यंत आलोय, असं ते सांगत होते. त्या दिवसापासून एकट्याने जाणं बंद झालं.

महिन्याभराने मार्टिन काठ्या टेकत आला. राजस माझ्याशी उभा होता, बापाचा दुसरा बूट शोधायला आलेला.

“तुझ्या बापाचे बाण कुठे गेले?” मार्टिनने विचारलं.

“कसले बाण?”

मार्टिनने सांगितलं. राजसने नखाने माझी पाठ खरवडून पाहिली. एका भेगेत निळा रंग अजून होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

पुढच्या रविवारी तो रंग घेऊन आला. नऊही खांबांवर नवे बाण काढले, पट्टी लावून, सरळसोट. मग बापाचा दंड धरून त्यांना घेऊन आला, टेकडी उजव्या हाताला ठेवून. माझ्यापाशी थांबला. “बाबा, हे बघा.”

रविंद्ररावांनी पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“कोण्या पोट्ट्यानं केलं बे हे? सरकारी खांब आहे. पुसून टाक.”

“बाबा, हा तुमचा...”

“पुस म्हटलं ना!”

राजसने खिशातून रुमाल काढला आणि कोरड्या रुमालाने माझी पाठ पुसत राहिला, पुसत राहिला. रंग निघायचा नव्हताच. रविंद्रराव बाजूला उभे राहून देखरेख करत होते. “हां,” शेवटी ते म्हणाले. “आता कसं. ग्रँड.”

त्यानंतर त्या बाजूने कुणी आलेलं नाही. माझं बूड कुजलं आहे. समिती प्लास्टिकचे खांब मागवणार आहे. ते कुजत नाहीत म्हणे, आणि त्यांच्यावर रंगही बसत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझी वेळ झाली. पण एखाद्या खांबाच्या, दाराच्या, डब्याच्या पाठीवर वेडीवाकडी खूण दिसली, तर ब्रश उचलण्याआधी घरी विचारा. मोठ्याने विचारा. आणि लवकर.