चार बोटे खाली

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जुनी म्हटले की लगेच 'बिचारी' म्हणून माना हलवू नका. माझ्या सागवानी अंगाला अजून एक भेग नाही, आणि ज्या लोखंडी दोरांवर मी लोंबकळते ते तुमच्या अंगठ्याहून जाड आहेत. शिक्षण विचाराल, तर मला सहापर्यंतचे आकडे येतात. इमारत सहा मजल्यांची, त्यामुळे सातवा आकडा मला कोणी दाखवलाच नाही. पण माणसांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. वर जाणारा आणि खाली येणारा माणूस एकच असला तरी तोंडे दोन असतात, आणि मी दोन्ही पाहिलेली आहेत.

एका जागी उभे राहणे मला जमत नाही. घटकाभर रिकामी राहिले की माझ्या दोरांना मुंग्या येतात. जन्मच तसा. कारखान्यात सुताराने माझ्या फळ्या जोडल्या, लोहाराने घडीच्या जाळीचे दार बसवले आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर एक पितळी मूठ लावली. ती उजवीकडे वळवली की मी वर, डावीकडे वळवली की खाली, मधे आणून सोडली की थांबायचे. आजकालच्या त्या बटणवाल्या! कोणीही बोट लावावे आणि त्यांनी निघावे. मला माणसाचा हात लागतो.

आणि नुसता हात पुरत नाही. मूठ सोडली की मी लगेच थांबत नाही, थोडी घसरते. किती घसरेन ते पोटात किती माणसे आहेत त्यावर. भरलेली असताना खाली आले तर जास्त, रिकामी असले तर कमी. म्हणून मजला येण्याआधीच मूठ सोडावी लागते. किती आधी, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेले नसते.

ते भाऊंना कळायचे. भाऊ हे माझे लिफ्टमन. बावीस वर्षे त्यांनी मला चालवले. काठोकाठ भरलेला पेला घेऊन उतरा, थेंब सांडणार नाही, अशी त्यांची थांबवणी. लोक म्हणायचे, "भाऊ, काय हात आहे!" ते माझ्या फळीवर थाप मारून म्हणायचे, "हात कसला, हिचा गुण आहे." मी अशी फुगायची की विचारू नका.

आठ दिवसांच्या तापात भाऊ गेले.

त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला घेतले. भाऊंमुळे सगळे तिला वहिनी म्हणत. नोकरीबरोबर जिन्याखालची एक खोली होती. तिथे वहिनी आणि भाऊंची म्हातारी आई, दोघी राहत. इमारतीच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "बाई, तीन महिने बघू. जमलं नाही तर ही लिफ्ट काढून बटणवाली बसवू. मग लिफ्टमनही नको आणि खोलीही सोडावी लागेल." म्हणजे वहिनीची नोकरी, म्हातारीचे छप्पर आणि माझे आयुष्य, तिन्ही एकाच दोराला टांगलेले.

वहिनीला नवा गणवेश मिळाला. करडा कोट आणि काळे बूट. बायकांच्या मापाचे बूट नव्हते, म्हणून एक माप मोठे, आणि तळ बोटभर जाड रबराचे. पुढे चिंध्या कोंबून ती ते घालायची.

खोटे कशाला बोलू? सुरुवातीला मी तिच्याशी सासूसारखी वागले. भाऊंच्या जागी दुसरे कोणी, हेच मला सहन होईना. ती मूठ धरायला आली की मी मुद्दाम करकरायची. ती चुकली की मनातून म्हणायची, बघा, आता कळेल सगळ्यांना. आणि ती चुकायचीच. कधी चार बोटे खाली, कधी पाच बोटे वर. लोक अडखळायचे. आमच्या इमारतीतल्या कचेरीचे हेडक्लार्क देहाने भारदस्त, ते उतरताना उंबऱ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, मला तिसऱ्यावर जायचंय, अडीचावर नाही. उडी मारू की शिडी मागवू?"

सगळे हसले. वहिनी म्हणाली, "माफ करा." भाऊ गेल्यापासून तिचा आवाज एवढाच उरला होता.

म्हातारी तळमजल्यावर माझ्या दारासमोर स्टूल टाकून मटार सोलत बसायची. तिची जीभ माझ्याहून कडक. "माझा मुलगा डोळे मिटून थांबवायचा. तू डोळे फाडून बघतेस तरी खालीच!"

"शिकतेय ना, आई."

"शीक, शीक. तू शिकेपर्यंत आपली भांडी रस्त्यावर येतील."

महिना गेला आणि माझा राग उतरला. कारण मला दिसले की ही बाई हार मानणारी नाही. सुट्टीच्या दिवशी, इमारत रिकामी असताना, ती एकटीच मला वर-खाली करत बसायची. एक, दोन, तीन, चार. पुन्हा तीन, पुन्हा चार. तळहाताला फोड आले, त्यावर कापड गुंडाळून पुन्हा मूठ धरायची. तरी चार बोटे खाली.

आणि मित्रांनो, मला कारण माहीत होते! भाऊंचे बूट बावीस वर्षांत झिजून त्यांचे तळ कागदासारखे झाले होते. माझ्या फळ्यांची थरथर त्यातून थेट त्यांच्या पायांत जायची. आत किती वजन आहे, मी किती जोरात आहे, कुठे सोडायचे, सगळे त्यांना तळपायाला कळायचे. वहिनीच्या पायाखाली बोटभर रबर. तिला माझे काहीच ऐकू येत नव्हते. म्हणून ती बिचारी जाळीबाहेरच्या भिंतीवर रंगवलेल्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघत बसायची, आणि आकडा दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची.

पण सांगणार कशी? माझ्याजवळ एक घंटा आणि एक खडखडाट. मी थरथरले, आदळआपट केली. तिला वाटले, लिफ्ट बिघडली. तिने तेल घातले!

साहेबांनी दिलेले तीन महिने संपत आले, आणि शेवटी ठेवलेल्या तपासणीला एक आठवडा उरला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरून सफाईवाली मावशी भरलेली बादली घेऊन आत शिरली. मी नेहमीप्रमाणे चार बोटे खाली. मावशीचा पाय खोलात पडला आणि अख्खी बादली वहिनीच्या बुटांवर.

"अगं बाई! वहिनी, मी तर तुम्हाला आंघोळच घातली!"

"तुमची नाही, माझीच चूक. मीच खाली थांबवली."

"ते राहू दे. बूट काढा आधी, गारठाल."

वहिनीने बूट काढून माझ्या कोपऱ्यातल्या लिफ्टमनच्या स्टुलाखाली उपडे ठेवले. तेवढ्यात चौथ्या मजल्याची घंटा वाजली. तिने अनवाणीच मूठ वळवली.

तिचे तळपाय माझ्या फळ्यांना पहिल्यांदाच टेकले. टणक, समजूतदार पाय. इथे येण्याआधी तिने घरी पायाने चालणाऱ्या शिवणयंत्रावर वर्षानुवर्षे सदऱ्यांच्या कॉलरी शिवल्या होत्या. सुई कुठे थांबवायची हे त्या पायांना ठाऊक होते. होते नव्हते ते सगळे मी त्या पायांना सांगून टाकले. वहिनी दचकली. आकड्यांवरची नजर काढून तिने खाली पाहिले आणि मूठ सोडली.

मावशीने रिकामी बादली पायाने पुढे ढकलली. बादली उंबऱ्यावरून सरळ घसरत बाहेर गेली.

"वहिनी! ही कुठे अडकलीच नाही!"

"लागली असेल चुकून."

"मग पुन्हा चुका की."

पाचवा मजला, बरोबर. सहावा, बरोबर. वहिनी स्टुलावर मटकन बसली आणि तोंडावर हात घेऊन रडू लागली. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच. मावशी तिच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "रडा, खुशाल रडा. बादली आहेच."

आता सगळे सुरळीत होणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण वहिनी नियमाला भिणारी. एरवी अनवाणी, साहेबांची चाहूल लागली की घाईघाईने बूट. त्यामुळे साहेब चढले की मी हटकून चार बोटे खाली! अख्ख्या इमारतीत लिफ्ट सुधारली होती, फक्त ज्यांनी ठरवायचे त्यांनाच ते माहीत नव्हते. मी आतल्या आत जळत होते.

म्हातारीच्या नजरेतून हे सुटले नाही. "हे काय सोंग गं? त्याच्या समोर बूट, त्याच्या मागे अनवाणी?"

"गणवेशात बूट आहेत, आई. काढले तर त्याच कारणाने घालवतील."

"आणि घातलेस तर ठेवणार आहेत का?"

वहिनी वाकून बुटांची लेस बांधू लागली.

तपासणीचा दिवस आला. साहेब, हेडक्लार्क आणि पट्टी घेतलेला एक तपासनीस आत आले. साहेब म्हणाले, "दोन बोटांपेक्षा जास्त फरक पडला तर विषय संपला." वहिनीच्या पायात बूट. लेस घट्ट बांधलेली.

पहिला मजला. चार बोटे खाली. तपासनीस गुडघ्यावर बसला, मोजले, लिहिले. दुसरा मजला. पाच बोटे वर. लिहिले. साहेब माझ्या छताकडे असे पाहत होते, जणू मी आधीच भंगारात गेले आहे.

आम्ही तिसऱ्याकडे निघालो, आणि मधेच वहिनीने मूठ सोडली. दोन मजल्यांच्या मधे, समोर नुसती भिंत.

"काय झालं? बिघडली?" साहेबांनी विचारले.

"नाही. मी थांबवली." वहिनी वाकली, लेस सोडली, दोन्ही बूट काढून स्टुलाखाली सरकवले.

"बाई, हा काय प्रकार आहे? गणवेशाचा नियम आहे."

"आहे ना, साहेब. पण या बुटांतून मला लिफ्ट कळत नाही. तुम्हाला बूट घातलेली बाई हवी की बरोबर थांबणारी लिफ्ट, ते सांगा. दोन्ही एकदम माझ्याकडे नाहीत."

हा आवाज तीन महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. मीसुद्धा नाही.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उभे राहू इथेच. मला घाई नाही."

हेडक्लार्कांनी रुमालाने मान पुसली. "साहेब, माझे पाय दुखायला लागले. काढलेच आहेत त्यांनी बूट, तर बघू या की."

साहेबांनी हाताने 'चला' अशी खूण केली. तिसरा मजला. तपासनिसाने पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. नखाएवढा फरक. चौथा, पाचवा, सहावा, तसेच. मग तो म्हणाला, "आता भरून खाली." सहाव्यावरचे पाच जण आत कोंबले. मी गच्च भरले. सगळ्यात अवघड काम ते हेच. वहिनीने मूठ डावीकडे वळवली, डोळे मिटले आणि नेमकी सोडली. पाचवा, बरोबर. पहिला आणि दुसराही पुन्हा मोजला, बरोबर.

तपासनिसाने वही मिटली. "साहेब, बदलायची तर खुशाल बदला. पण कारण म्हणून लिफ्टचं नाव लिहू नका, आणि या बाईंचं तर नकोच."

साहेबांनी एकदा स्टुलाखालच्या बुटांकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं. पायांत काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा," आणि जिन्याने निघून गेले.

तळमजल्यावर म्हातारी दाराची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी होती. "काय झालं?"

"राहिलो, आई."

म्हातारीने जाळी सोडली. तिने स्वतःच्या वहाणा बाहेर काढल्या आणि माझ्यात पाऊल ठेवले. मित्रांनो, बावीस वर्षे मुलाच्या हाताचे गोडवे गाणाऱ्या त्या बाईने एकदाही माझ्यात पाय ठेवला नव्हता. भ्यायची. आज सुनेची बाही घट्ट धरून म्हणाली, "ने वर. हळू ने. पाडलंस तर बघ."

सहाव्या मजल्याच्या खिडकीतून तिने खाली पाहिले. छपरे, तारा, मुंगीएवढी माणसे. बराच वेळ पाहिले.

"एवढ्या वर न्यायचा तो लोकांना?"

"रोज, आई."

त्यानंतर वहिनीने मला चौदा वर्षे चालवले. आता ती निवृत्त झाली आहे. पलीकडच्या कोपऱ्यात बटणवाली आली, आणि माझ्या पोटात कोणीतरी मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. महिन्यातून एकदा कोणी सामान न्यायला येतो, मुठीला हिसका देतो आणि मनाला येईल तिथे मला थांबवतो. बाकीचे दिवस मी उभी. उभे राहणे मला जमत नाही, हे सांगितलेच आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. शेजारी कोणी नवे माणूस रोज चार बोटे चुकत असेल, तर हसण्याआधी त्याच्या पायात आपणच काय घातले आहे ते बघा. मी ते तीन महिने बघत होते, तरी पहिला महिना मी नुसती करकरले, याची मला अजून लाज वाटते. आणि जमले तर माझ्या जाळीला थोडे तेल द्या, त्या खुर्च्या काढा. मी अडगळीची खोली नाही. कोणत्याही मजल्यावरून घंटा वाजवा, मी निघालेच.